फी न भरणारे बस्त्यावकाका

शिकलेला माणूस समोर आला की बस्त्यावकाका त्याला एकच प्रश्न विचारत. नाव, गाव, तब्येत वगैरे सगळं नंतर. आधी हा प्रश्न: "तुमच्या शिक्षणाचे पैसे कोणी भरल्यानी?"

डॉक्टर छातीला नळी लावून "श्वास घ्या" म्हणत असताना त्यांनी हे विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. त्यांच्या बायकोला, मारीकाकींना, गुडघ्यांमुळे दवाखान्याचा जिना चढवत नसे, म्हणून त्या दिवशी मी सोबत गेले होते. डॉक्टर तरुण होता. तो जरा गडबडला आणि म्हणाला, "वडिलांनी. का?"

"काय नाय," शर्टाची बटणं लावत काका म्हणाले. "मगे डॉक्टर तुमचो बापूस. तुमी नुसते तेंचे हात."

तपासणीचे पैसे देताना "हे तेंका पोचवा" असंही त्यांनी बजावलं.

बँकेत नवीन साहेब आले. त्यांनी सांगितलं, कर्ज काढून शिकलो. काकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "बँकेच्या झाडाचो आंबो," ते मला बाहेर आल्यावर म्हणाले, "बँकेतच पडलो." आमच्या चर्चच्या पाद्रींनी सांगितलं की त्यांचं शिक्षण चर्चनेच केलं. "म्हणजे आमच्या पैशान," काकांनी हिशेब लावला. तेव्हापासून घराच्या फुटक्या कौलापासून विजेच्या बिलापर्यंत सगळ्या तक्रारी ते हक्काने पाद्रींकडे नेत. "आमच्या पैशान शिकल्यानी, मगे आमचा बघूक नको?"

मी लग्न होऊन मालवणजवळच्या या वाडीत आले तेव्हा शेजारच्या गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, मलाही हा प्रश्न आला. मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि मला त्याचा थोडा अभिमान होता. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

"बी.एड.चे पण?"

"बी.एड.चेही."

"मगे टीचर तुझो बापूस. तू नुसतो पगार घेतंस."

मला राग आला आणि बरेच दिवस तो टिकला. मे महिन्यात आमच्या दारात हापूसची पेटी आली. पेटीवर ब्रशने लिहिलं होतं: "बी.एड.वाल्यांका." माझे वडील खारेपाटणला राहत. ती पेटी मी यष्टीतून त्यांच्याकडे घेऊन गेले. वडील आधी हसले, पण पुढच्या वर्षी पाडवा झाल्यापासून "आमची पेटी आली का" असं फोनवर विचारू लागले. मग ती दरवर्षी गेली. वडील वारले त्या वर्षीही काका पेटी घेऊन आले, ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "आता तू खा. बी.एड. आता तुजा."

काकांचं तत्त्व एका वाक्याचं होतं. "बापाशीन पोराक झाड देवचा, फी देव नये."

हे नुसतं बोलणं नव्हतं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, गडग्याच्या आत त्यांची हापूसची बाग होती. घरात मूल जन्मलं की बाप्तिस्म्याच्या आधी त्याच्या नावाने कलमांची एक ओळ लागत असे. आंतोन जन्मला तेव्हा विहिरीजवळ आंतोनची ओळ लागली, लुसी जन्मली तेव्हा वरच्या अंगाला लुसीची. मूल कळशी उचलण्याएवढं झालं की त्याने आपल्या झाडांना पाणी घालायचं, गवत काढायचं, शेणखत ओढायचं, आंबे धरले की राखण करायची. पेट्या भरल्या की त्यांच्यावर ज्याच्या ओळीचं त्याचं नाव रंगवायचं. जे येईल ते त्या मुलाच्या बँकेतल्या खात्यावर, आणि कॉलेज त्या खात्यातून. पुरलं तर पुरलं.

तिसरी ओळ काकांची स्वतःची, विहिरीच्या पलीकडच्या अंगाला. ती त्यांनी लग्नाच्या वर्षी लावली होती. तिला ते म्हातारपणाची ओळ म्हणत. दात, गुडघे, डोळे, जे काय पुढे बिघडेल ते त्यातून दुरुस्त व्हायचं होतं. "माजी फी पोरांनी भरूची नाय," असं ते स्पष्ट सांगत.

आंतोनला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. शाळेत असताना त्याने आपली अख्खी ओळ एका सायकलीच्या बदल्यात माझ्या मुलाला देऊ केली होती. एकदा राखणीला बसवलं असताना तो मॅच बघायला घरी पळाला आणि माकडांचा कळप झाडांवर उतरला. संध्याकाळी काका अर्धे खाल्लेले आंबे टोपलीत भरून वाडीभर दाखवत फिरले. "ह्यां बघा. आंतोनची फर्स्ट सेमिस्टर वांदरांनी खाल्ल्यानी."

मारीकाकी हे सगळं मासे साफ करता करता ऐकत. "आमच्या घोवाक वाटता, पोरां झाडाक लागतत," त्या म्हणत. "माका नऊ म्हयने उगाच ओकारे इले."

पण आंतोनचा डिप्लोमा झाला. तो स्वस्तातला होता आणि ओळीवर निभावला. आंतोन बोटीवर नोकरीला लागला आणि काकांचं तत्त्व वाडीत सिद्ध झालं, निदान काकांच्या मते.

माझे यजमान ओरोसला कचेरीत होते. आमच्या मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी आम्ही पतपेढीतून कर्ज काढलं तेव्हा काका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"सायबा, झिलाक इंजिनिअर करतंस काय इकत घेतंस?"

"काका, जन्म आपण दिला," यजमान म्हणाले. "मग शिकवायचं नाही तर काय करायचं?"

"जेवूक घालूचा. ताप इलो तर डॉक्टराक दाखवचा. गणित येणा नाय तर टीचरबायकडे धाडूचा. कॉलेज तेचा तेणा करूचा."

"आणि ज्याच्याकडे सडा नाही, कलमं नाहीत, त्याच्या मुलाने?"

"तेच्या बापाशीन भरूची," काका म्हणाले. "तेका इलाज नाय."

"म्हणजे गरिबाने फी भरायची आणि बागायतदाराने नाही."

पलीकडच्या ओट्यावर मारीकाकी मोठ्याने हसल्या. काका उठले आणि नंतर बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. आले ते उत्तर घेऊनच. "गरिबाचो झील बापाशीन काय केल्यान ता इसरणा नाय. तेका इसरूची गरज नाय. बाकीच्यांक इसरूक व्हया, आनी बापूस इसरूक देणा नाय. म्हणान देव नये."

यजमानांना ते पटलं नाही. मला त्या वेळी नीट कळलंही नाही.

लुसी आंतोनसारखी नव्हती. ती माझ्या वर्गात होती. गणितात बरी, बोलायला कमी. तिने आपल्या ओळीकडे शाळेतल्या अभ्यासाइतकंच मनापासून पाहिलं. कुठल्या फांदीला तुडतुडे आहेत, कुठलं झाड यंदा रुसलंय, हे ती झाडाला हात न लावता सांगे. तिला नर्स व्हायचं होतं. बेळगावला प्रवेश मिळाला. तिच्या खात्यात इतक्या वर्षांचं जे साठलं होतं ते पहिल्या वर्षाच्या फीत आणि वसतिगृहात संपलं. पुढचं वर्ष पुढच्या आंब्यांवर.

इथे काकांच्या हातून झालेली चूक पुढे आली. हापूसचं कलम एका वर्षी भरभरून देतं आणि पुढच्या वर्षी विसावतं, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. काकांना तर ते स्वतःच्या श्वासासारखं ठाऊक होतं. पण लुसीची सगळी कलमं त्यांनी जन्माच्या आनंदात एकाच पावसात लावली होती. ती सगळी एकदम धरत आणि एकदम दमत. आणि कॉलेज विसावत नाही, ते दरवर्षी फी मागतं.

त्या वर्षी थंडी उशिरा पडली. लुसी नाताळला घरी आली तेव्हा बागेत कुठेच काही दिसत नव्हतं. ती परत गेली आणि जानेवारीत काकांच्या ओळीला मोहर फुटला. लुसीच्या ओळीला पालवी आली. तांबूस, कोवळी, दिसायला फार सुंदर. पालवी आली की त्या वर्षी मोहर नाही, म्हणून बागायतदार अशा झाडाकडे बघून मान फिरवतो.

"आता काय करतल्यात?" मारीकाकींनी विचारलं.

"काय करूचा? झाडांनी सुट्टी घेतल्यानी. लुसीनय घेवची एक वरस."

"कॉलेज काय तुमची बाग? सीट जातली तिची."

मारीकाकींनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. काकांनी त्या उचलून परत त्यांच्या हातात दिल्या. "तू बांगड्यो इकलंस तर नर्स तू होतलंस. ती नाय."

त्यानंतर मारीकाकींनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे पूर्ण बंद नाही. जे सांगायचं ते त्या मांजराला सांगत. "सांग तेंका, जेवाण वाढलंय." "सांग तेंका, सिलेंडर संपलो." काकाही मांजराकडे बघून उत्तर देत. मांजर बिचारं दोघांच्या मध्ये बसून राही, कारण दोन्ही बाजूंनी त्याला मासळी मिळे.

वाडीत सगळ्यांचं लक्ष होतं. जून उजाडायच्या आत फी भरली नाही तर लुसीचं शिक्षण तिथेच थांबणार होतं. काही जण म्हणत, म्हातारा झुकेल. काही म्हणत, मुलीला घरी बसवील पण झुकणार नाही. माझ्या यजमानांनी पतपेढीचा अर्ज आणून आमच्या कपाटावर ठेवला होता, लागला तर असावा म्हणून.

मे महिन्यात शाळेचं निकालाचं काम संपवून मी बागेतल्या पायवाटेने घरी येत होते. एरवी आंबे काढायला काका गडी लावत. त्या दिवशी ते एकटेच होते. उंच काठीला जाळी बांधलेला झेला घेऊन ते स्वतःच्या ओळीत उभे होते. फांदीकडे बघत होते, पण बराच वेळ झेला आंब्याच्या बाजूला हवेत फिरत होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं आणि काकांनी "माजी ओळ इली काय करूया" म्हणून कबूलही केलं होतं. खाली भरलेल्या पेट्या होत्या. त्यांच्यावर ओल्या रंगात लिहिलं होतं: लुसी.

मी थांबले. "काका, ही तुमची ओळ ना?"

"तुज्याकडे फोटोचो मोबाईल आसा मगे?" ते म्हणाले.

"आहे."

"मगे काड फोटो. ह्या फांदयेचो. विहीर दिसाक नको, नायतर ती वळखतली खंयची ओळ ती. असो, आडवो धर."

मी मोबाईल हातात घेऊन तशीच उभी राहिले. शिक्षिकेला खोट्या कामात सामील व्हायला वेळ लागतो.

"टीचरबाय, तू फोटो काड," ते म्हणाले. "खोटा बोलणारो मी आसंय."

मी फोटो काढला. लुसीला पाठवला. खाली त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: तुझी ओळ यंदाही धरली.

"पण काका, सरळ सांगा ना तिला की मी भरतोय. तिला आनंदच होईल."

काका पेटीवर बसले. ब्रश गवताला पुसला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचा रापणीत वाटा होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, त्यात अनेक घरांचे वाटे असतात, आणि वाटा असला की रोजची मासळी घरात येते. बस्त्यावला कॉलेजात घालायचं म्हणून वडिलांनी तो वाटा विकला. बस्त्याव कोल्हापूरला गेला, पहिल्याच वर्षी नापास झाला आणि परत आला.

"कधी मारूक नाय. कधी शिवी नाय," काका म्हणाले. "जेवूक बसलंय काय आवशीक सांगी, वाढ तेका, रापणीचो वाटो जेवता. मरीसर तां एकच. सकाळी आनी सांजेक."

त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण लावलं.

"मी बापाशीच्या समोर बसान कधी जेवलंय नाय मगे. चुलीकडे बसान जेवलंय," ते म्हणाले. "मी भरलंय म्हणान कळला तर लुसी जेवताना माज्या तोंडाकडे बघतली. मी काय बोलूचंय नाय, तरी बघतली. झाडाच्या तोंडाकडे कोण बघता?"

ते उठले आणि पुन्हा झेला हवेत फिरवू लागले. मी थोडा वेळ खालून "डावीकडे, अजून डावीकडे" सांगत उभी राहिले आणि मग घरी आले. कपाटावरचा अर्ज मी यजमानांना न विचारता फाडून टाकला.

फी भरली गेली. वाडीत बातमी फिरली की लुसीच्या कलमांनी पालवीतूनही मागाहून मोहर दिला. असं क्वचित होतं, म्हणून कोणाला खोटं म्हणता येईना. तिसऱ्या वर्षी लुसीची ओळ खरोखरच धरली. चौथ्या वर्षी ती परत विसावली, तरी लुसीच्या नावाच्या पेट्या परत वाशीच्या बाजारात गेल्या. यजमानांनी एकदा विचारलंच. "काका, लुसीच्या कलमांना दरवर्षी आंबे कसे लागतात हो?"

"शेण," काका म्हणाले. "तू कचेरीत बसतंस, तुका शेणाचा काय कळतला."

मारीकाकी मधेच कधीतरी मांजराला सोडून पुन्हा थेट नवऱ्याशी बोलू लागल्या होत्या. मला वाटलं, कंटाळल्या असतील.

डोळ्यांचं ऑपरेशन मात्र पुढे जात राहिलं. काका म्हणत, "माका दिसता तितक्या पुरे." त्यांना फारसं दिसत नव्हतं. बँकेत जाऊन त्यांनी शिपायाला साहेब समजून त्याच्या शिक्षणाची चौकशी केली. शिपाई म्हणाला, मी शिकलोच नाही. काका इतके खूश झाले की त्याला पेटी पाठवली. एका लग्नात त्यांनी नवरदेव समजून आचाऱ्याला आशीर्वाद दिला. वाडी हसत असे आणि काकाही हसत. लुसी पास होऊन गोव्याच्या एका इस्पितळात लागली, त्याच्या पुढच्या मोसमात काकांच्या ओळीच्या पैशांतून ऑपरेशन झालं. एका डोळ्याला फरक पडला. दुसऱ्याला डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

मी फोटोची गोष्ट कोणालाही सांगितली नाही. यजमानांनाही नाही.

गेल्या पावसाळ्यात बस्त्यावकाका गेले. ताप आला, उतरला, परत आला आणि गेले. पुढच्या महिन्यात त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिसा होती, त्याला लुसी रजा घेऊन आली. मिसा झाल्यावर पाहुणे कॉफी पिऊन गेले आणि स्वयंपाकघरात आम्ही तिघी राहिलो. मारीकाकी स्टुलावर बसल्या होत्या, लुसी कप धूत होती, मी पुसत होते. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. मुलीला कळायला हवं.

"लुसी," मी म्हटलं, "मी तुला एकदा बागेतला फोटो पाठवला होता. तुझ्या ओळीचा."

"माज्या नाय," लुसी म्हणाली. "पप्पांच्या ओळीचो."

मी मारीकाकींकडे पाहिलं.

"माज्याकडे काय बघतंस, टीचर?" त्या म्हणाल्या. "घोव खंयच्या झाडाखाली झेलो घेवन उभो आसा, ता बायलेक कळणा नाय? तेच सांजेक फोन केलंय चेडवाक."

"मग इतकी वर्षं कोणीच कसं बोललं नाही?"

"तेंका माजी फी भरूची होती," लुसी म्हणाली. "आनी भरलंय म्हणान कोणाक सांगूची नाय होती. म्हटलंय, भरूंदे. जेवताना मी पानाकडे बघी."

तिने एक कप माझ्या हातात दिला. मी तो पुसला.

"पैशाचा माका म्हायत होता," ती मग म्हणाली. "डोळ्यांचा म्हायत नव्हता. मम्मीन ता सांगूक नाय. शेवटची परीक्षा देवन इलंय तेव्हा पप्पा माका न्हेवक स्टँडार इल्ले. बरो शर्ट घातलेलो. मी गाडयेतसून उतरान तेंच्या समोरच उभी. माज्या मागसून माज्याच वयाचा दुसरा एक चेडू उतरला. पप्पा फुडे इले, तेका म्हणतत, 'लुसी, दमलंस मगे? बॅग हाड हकडे.'"

"मग?"

"ता चेडू घाबारला. मी दोघांच्या मधी जावन उभी ऱ्हवलंय आनी माजी बॅग तेंच्या हातात दिलंय."